किंकाळीला चौथा क्रमांक

कुरुंदवाड
१९ जानेवारी २०२५

संयोगिता,

जयभीम. तू पाठवलेले चारही चित्रपट पाहून झाले. शाळेतून आल्यावर रोज एक पाहिला. आईला मारामारीचे आवाज सहन होत नाहीत, म्हणून कानाला हेडफोन लावून पाहिले.

तुमच्या चित्रपट मंडळाच्या पुरस्कारांची पद्धत मला बरी वाटली. परीक्षकांनी एकमेकांना भेटायचे नाही, फोन करायचा नाही, क्रमांक आणि कारणे पत्राने सचिवांना, म्हणजे तुला, कळवायची. ज्याचा आवाज मोठा त्याचे मत खरे, असे त्यामुळे होत नसेल. दोन परीक्षक सिनेमातले आणि तिसरा साधा प्रेक्षक, या तिसऱ्या जागेवर तू मला का घेतलेस तेही कळते. क्रांती गेल्यापासून मी शाळा सोडून कुठे जात नाही, हे आईने तुला सांगितले असणार. तू माझ्या बहिणीची कॉलेजातली जवळची मैत्रीण, म्हणून राग नाही. मी विज्ञान शिकवतो. अभिनयातले मला कळत नाही. जे दिसले ते लिहितो.

मुख्य अभिनेत्रीसाठी नामांकन मिळालेल्या चौघीही या वर्षी मार खातात किंवा मारतात.

पहिला क्रमांक वर्षाराणी यांना. त्या वीटभट्टीवरच्या मुकादमाची बायको झाल्या आहेत. नवरा दारात आला की ही बाई त्याच्या तोंडाकडे बघत नाही, हाताकडे बघते. मग लोखंडी बादली नळाखाली सरकवते आणि नळ पूर्ण सोडते. आधी मला कारण समजले नाही. तो तिचे डोके भिंतीवर आपटतो तेव्हा समजले. बादलीत पडणाऱ्या पाण्याच्या आवाजात बाकीचे आवाज बाहेर जात नाहीत. तिचे तोंड उघडते, पण त्यातून काही येत नाही. तो निघून गेल्यावर ती त्याच पाण्याने फरशीवरचे रक्त धुते आणि दारात येऊन शेजारणीकडे कोथिंबीर मागते. कोथिंबीर मागतानाचा चेहरा मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिला.

दुसरा संघप्रिया यांना. त्या सरपंच आहेत. उसाच्या फडात अंगावर आलेल्या माणसाच्या खांद्यात त्या कोयता घालतात. वार कोणीही करून दाखवील. पण वार झाल्यावर त्यांची मूठ सुटत नाही, दुसऱ्या हाताने एकेक बोट उलगडावे लागते. हे त्यांनी कुठेतरी पाहिलेले असणार. शेवटच्या भाषणात मात्र त्या सरपंच राहत नाहीत, नटी होतात. म्हणून दुसरा.

तिसरा शिवानी यांना. पैलवान मुलगी. तालमीत सख्खा भाऊ तिचा हात पिरगाळून मोडतो तो प्रसंग अंगावर येतो. अंग खरे पैलवानाचे आहे. पण रडताना त्या उजेड कुठून येतो ते बघतात.

चौथा राजनंदिनी यांना. नवरा पट्ट्याने मारतो आणि त्या किंकाळी फोडतात. ती किंकाळी फार वेळ चालते. दारे उघडतात, गल्ली गोळा होते. मग रक्ताने भरलेल्या तोंडाने त्या सगळ्यांना जाब विचारतात आणि मरतात. माझा विश्वास बसला नाही.

तुझा,
प्रसेनजीतदादा


शाहूपुरी, कोल्हापूर
२७ जानेवारी २०२५

दादा, जयभीम.

अहो, हे काय केलंत! राजनंदिनीला शेवटची? बाकीच्या दोघांनी तिला पहिली ठेवलीय. एकाने तर त्या किंकाळीवरच दोन पानं लिहिलीत. खरं तर हे मी तुम्हाला सांगायचं नसतं. पण आमच्याकडे नियम आहे, एखाद्याचा क्रमांक इतरांच्या अगदी उलटा आला तर सचिवाने तो एकदा फेरविचाराला परत पाठवायचा. म्हणून हे पत्र.

आमचे अध्यक्ष केरबाअण्णा म्हणाले, "मास्तरांनी दहावीचा पेपर तपासला का काय? ग्रेस मार्कबी न्हाईत व्हय त्या बाईला?" मी हसले, पण मला हसू येत नव्हतं.

दादा, राग मानू नका. नवऱ्याच्या हातून मरणारी बाई तुम्हाला बघायला लावली, ही माझीच अक्कल. तुम्ही तो सिनेमा शेवटपर्यंत बघूच शकला नसाल. पण त्यात राजनंदिनीचं काय चुकलं? क्रांतीला जे ओरडता आलं नाही ते ती ओरडली, असं मला वाटलं. थेटरात बायका रडत होत्या. माझ्या शेजारची म्हणाली, "खरी बाई आसंल तर अशीच वराडंल." दुःखापायी त्या नटीवर अन्याय होऊ नये, एवढंच म्हणते. परत एकदा बघा आणि निदान दुसरी तरी करा.

आईंना नमस्कार सांगा. कांदा-लसूण चटणी पाठवतेय, डंकावर कुटलेली आहे.

तुमची,
संयोगिता


कुरुंदवाड
२ फेब्रुवारी २०२५

संयोगिता,

चटणी मिळाली. चित्रपट पहिल्या वेळीही शेवटपर्यंत पाहिला होता. काल परत पाहिला. क्रमांक बदलत नाही. कारण लिहितो.

केसबद्दल तुला तुकड्यातुकड्यानेच माहिती असेल. गेल्या मार्चमध्ये कोडोलीत यशराजने क्रांतीला मारले. स्थळ आमच्यातलेच होते, मीच बघितलेले. शवविच्छेदनात कवटी मागून फुटलेली निघाली. डाव्या बरगड्या मोडलेल्या होत्या आणि त्यातल्या काही त्याच्याही आधी कधीतरी मोडून पुन्हा जुळलेल्या होत्या. उजव्या मनगटाचेही तसेच. ओळख पटवायला मी गेलो तेव्हा तिचा चेहरा एकाच बाजूने तिचा होता. यशराज म्हणतो, माळ्यावरचा डबा काढताना ती शिडीवरून पडली. जुन्या बरगड्यांबद्दल म्हणतो, गाडीवरून पडली होती.

जामिनाच्या वेळी त्याच्या वकिलाने एकच मुद्दा लावून धरला. गल्ली दाट, भिंतीला भिंत लागलेली. दुपारची वेळ, माणसे घरात. इतके मारले असते तर बाई ओरडली असती. किंकाळी कोणी ऐकली? एकानेही नाही. शेजारच्या बाळाबाई सगळ्यांत आधी घरात गेल्या, त्यांनीही पोलिसांना सांगितले की ओरडणे ऐकले नाही. यशराज जामिनावर सुटला. आता खटला उभा राहिला आहे आणि आमचे सरकारी वकील मला म्हणतात, "मास्तर, ती का ओरडली नाही याचं उत्तर आपल्याकडं नसेल तर हा माणूस सुटणार."

तुझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, खरी बाई अशीच ओरडेल. यशराजचा वकीलही तेच म्हणतो. राजनंदिनी यांना वर चढवायचे म्हणजे मी त्याच्या म्हणण्यावर सही करायची. त्यांच्या जागी दुसरी कोणी असती तरी हेच लिहिले असते.

वर्षाराणी ओरडत नाहीत. नळ सोडतात. क्रांतीने काय केले मला माहीत नाही. पण काहीतरी केले असणार.

प्रसेनजीतदादा


शाहूपुरी, कोल्हापूर
१६ फेब्रुवारी २०२५

दादा,

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसायचे आणि उठायचे. तुमचा क्रमांक जसाच्या तसा नोंदवला, ते झालं. हे पत्र त्यासाठी नाही.

परवा वर्षाराणीचा सिनेमा परत लावला. तिने नळ सोडला आणि मी ताडकन उठून उभी राहिले.

मिक्सर, दादा.

लग्नानंतर मी क्रांतीला दुपारी फोन करायचे. छान बोलत असायची आणि मधेच म्हणायची, "थांब गं, वाटण घालते जरा." लगेच मिक्सर सुरू. काही ऐकू यायचं नाही, फोन बंद व्हायचा. एकदा नाही, कितीदा तरी. मी चिडवायचे, "सासरी गेलीस का खानावळ काढलीस?" ती म्हणायची, "तू ये की जेवायला." एकदा फोन बंद व्हायच्या आधी, मिक्सर सुरू झाल्यावर, मागून दार आपटल्याचा आवाज आला आणि तिचा श्वास. नुसता श्वास. मला वाटलं, तिखट उडालं.

याचा पुरावा होतो का मला माहीत नाही. माझी साक्ष लागली तर मी उभी राहीन. पण मी इथे होते. भिंतीपलीकडे बाळाबाई होत्या. त्यांच्याकडे जा. ओरडली का असं विचारू नका. काय ऐकू यायचं, असं विचारा.

संयोगिता


कुरुंदवाड
२४ फेब्रुवारी २०२५

संयोगिता,

काल कोडोलीला गेलो होतो. बाळाबाई म्हशीला वैरण टाकत होत्या. मला बघून त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली नाही. म्हणाल्या, "मास्तर, पोलिसांस्नी सांगिटलं तेच. मी काय ऐकलं न्हाय. लेकराची आण घिऊन सांगतो."

मी म्हणालो, "ओरडणं नाही ऐकलंत. बाकी काय ऐकलं?"

"बाकी काय असतंय? मिक्सर चाललता."

"बराच वेळ?"

"लई वेळ. ते रोजचंच की वो. गल्लीतली पोरं म्हणायची, यशराजच्या घरात रोज तांबडा-पांढरा शिजतोय, आन् आमास्नी वाटीभर रस्साबी न्हाय. मीबी तिला म्हणायचो, बाई, नवऱ्याला चारून चारून पैलवान करतीस का काय?"

त्या हसल्या. मग पेंढी हातातच धरून उभ्या राहिल्या. म्हशीने ती ओढली तरी त्यांना कळले नाही.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "वास कधी यायचा न्हाय वो. रस्स्याचा."

मी मधल्या भिंतीकडे पाहिले.

"भिंतीला भिंत हाय. त्यांच्यात लसूण फोडणीला पडला तर माझ्या घरात ठसका लागंल. मिक्सर एवढा चालायचा आन् वास न्हाय. त्या दिशी वास आला, त्यो मोटार जळल्याचा. म्हणून तर मी आत गेलो."

आत काय पाहिले ते त्यांनी पहिल्यांदाच सगळे सांगितले. क्रांती ओट्याखाली पडली होती. केसांतून रक्त येऊन मोरीकडे चालले होते. ओट्यावर मिक्सर सुरूच होता, धूर सोडत, आणि भांडे रिकामे. शिडी माळ्याला लावलेलीच नव्हती, ती मागच्या परड्यात होती. यशराज न्हाणीत वरवंटा धूत होता. बाळाबाईंना बघून म्हणाला, "पडली."

मी विचारले, हे पोलिसांना का नाही सांगितले?

"त्यांनी इचारलं, वराडली का? म्हटलं, न्हाय. म्हणाले, मग व्हा बाजूला. आन् आण्णासो दारातच हुता."

अण्णासो म्हणजे यशराजचा थोरला भाऊ. आम्ही बोलत असतानाही तो समोरच्या कट्ट्यावर येऊन बसला. मोठ्याने म्हणाला, "काय पावणं, म्हस बघाय आलाय व्हय? दूध देती, पण लाथबी मारती." बाळाबाई आत गेल्या आणि चप्पल घालून बाहेर आल्या. माझ्याबरोबर कोल्हापूरला यायला निघाल्या होत्या. सरकारी वकिलांसमोर त्यांनी सगळे सांगितले. वकील म्हणाले, उशिरा सांगितले म्हणून समोरचा वकील यांना फाडून खाणार. बाळाबाई म्हणाल्या, "खाऊ दे की. हाडं हाईत नुसती."

वरवंटा त्या घरात आता नाही, असे कळले. मिक्सरही नाही. जे आहे ते बाळाबाईंच्या तोंडी आहे. त्यांना धक्का लागला तर क्रांतीचे काही उरत नाही. म्हणून कोर्टाची तारीख लागेपर्यंत मी रोज शाळा सुटली की कोडोलीला एक फेरी मारणार आहे.

प्रसेनजीतदादा


शाहूपुरी, कोल्हापूर
१० मार्च २०२५

दादा,

हे पत्र दवाखान्यात पोचावं म्हणून भाच्याच्या हातून पाठवतेय.

काल पुरस्कारांचा कार्यक्रम होता. मुख्य अभिनेत्रीचा पुरस्कार आमच्याकडे दरवर्षी प्रेक्षक परीक्षकाच्या हातून देतात, म्हणून तुमची खुर्ची पुढे ठेवली होती. मला वाटलं, राजनंदिनी पहिली आली म्हणून तुम्ही रागावून येत नाही. मनातल्या मनात तुम्हाला बोललेसुद्धा. मग आईंचा फोन आला.

पुरस्कार केरबाअण्णांनी दिला. तो घेऊन ती वळली तशी मागून पोरं ओरडायला लागली, "म्याडम, ती किंकाळी! एकदा हू दे की!" ती हसली, माइक लांब धरला आणि ओरडली. सिनेमातली तीच. शिट्ट्या, टाळ्या, खुर्च्यांवर थापा. एकाने "आणि एकदा!" म्हटलं आणि तिने आणि एकदा ओरडून दाखवलं. विंगेत माझ्या कानाला फोन होता आणि आई सांगत होत्या की तुमचे दात रस्त्यावर सापडले.

तुमच्या क्रमांकामुळे वर्षाराणी दुसरी आली. दुसऱ्या रांगेत बसली होती. परीक्षकांची पत्रं दाखवायची नसतात, पण मी तिला एवढं सांगितलं की एकाने तिला पहिली ठेवली होती. तिने विचारलं, "कशासाठी?" म्हटलं, कोथिंबीर मागितलीत त्यासाठी. ती म्हणाली, "दिग्दर्शकाला ते नको होतं. माझी आई मागायची."

दादा, अण्णासोनेच ना? उद्या तारीख आहे. बाळाबाई येतील का? त्यांचं काही झालं असेल तर मला खोटं सांगू नका.

संयोगिता


कुरुंदवाड
२० मार्च २०२५

संयोगिता,

उजवा हात प्लॅस्टरमध्ये आहे. हे डाव्या हाताने लिहितो आहे, म्हणून अक्षर असे.

अण्णासो आणि त्याच्याबरोबर दोघे होते. कोडोलीच्या फाट्यावर गाडी आडवी घातली. आधी हेल्मेट काढायला लावले, मग तेच माझ्या तोंडावर मारले. खाली पडल्यावर हातावर उभे राहून एकाने दुसऱ्याला सांगितले, "मोड." अण्णासो म्हणत होता, "म्हातारीला घेऊन कोर्टात जातोस व्हय? जा आता. रांगत जा." समोर रसवंती होती. माणसे ग्लास धरून बसली होती.

तुला एक सांगायचे आहे. मी ओरडलो नाही. ठरवून नाही, धैर्य म्हणून तर नाहीच. एवढी माणसे बघत आहेत, त्यांना माझा आवाज ऐकू जाऊ नये, एवढेच डोक्यात होते. लाज वाटत होती. मार खाणाऱ्याला लाज वाटते हे मला माहीत नव्हते.

साक्षीदाराच्या बाजूच्या माणसाला मारले म्हणून सरकारी वकिलांनी अर्ज केला. यशराजचा जामीन रद्द झाला. अण्णासो आणि ते दोघेही आत आहेत.

बाळाबाई कोर्टात आल्या होत्या. आदल्या रात्री त्यांच्या म्हशीच्या कासेवर कोणीतरी ब्लेड मारले होते. त्या सकाळी डॉक्टरला बोलावून, टाके घालून घेऊन मग एसटीत बसल्या. मीही दवाखान्यातून रिक्षा करून गेलो, मागच्या बाकावर बसलो.

यशराजच्या वकिलाने विचारले, "मिक्सर चालू होता, म्हणजे स्वयंपाक चालला होता. एवढंच ना, बाई?"

"आमीबी तसंच म्हणत हुतो."

"मग आज वेगळं कोणी शिकवलं? मास्तरांनी?"

"मास्तर काय शिकिवणार? नाक माझं हाय."

लोक हसले. वकीलही हसला. म्हणाला, "वर्षभर नाक बंद होतं वाटतं."

"त्वांड बंद हुतं. नाक चालूच हुतं."

मग न्यायाधीशांनी स्वतः विचारले, "रोज एवढा मिक्सर चालायचा, तर काय वाटतेस म्हणून तुम्ही तिला कधी विचारलं नाही?"

"इचारलं की, सायेब. चटणी म्हणाली. म्हटलं, मग आमालाबी दे वाटीभर. म्हणाली, आत्या, उद्या देते."

"आणि दिली?"

"दिली. दुसऱ्या दिशी वाटी घिऊन दारात आली. हसत आली. वाटी डाव्या हातात हुती. उजवा वढणीत गुंडाळलेला. म्हटलं, काय झालं गं? म्हणाली, तिखटानं आग आग होती."

यशराजचा वकील उठला होता, तो खाली बसला. न्यायाधीशांनी शवविच्छेदनाच्या कागदातले उजव्या मनगटाचे पान उघडले आणि हे सगळे लिहून घ्यायला सांगितले. लिहिणाऱ्या बाईंनी मान वर न करता विचारले, वाटी कोणत्या हातात?

बाळाबाईंनी वाटी धरावी तसा आपला डावा हात पुढे केला आणि लिहून होईपर्यंत तसाच धरून ठेवला.

प्रसेनजीतदादा